शितावरून भाताची परीक्षा

मागील अंकांत तिथींच्या क्षयवृद्धीविषयीं मीं जें टिपण लिहिलें होतें, त्यावर एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. पत्रांत तिथींविषयीं एक अक्षर नाहीं. त्या लिहितात, "देशांत इतके लोक अर्धपोटी आहेत, तितक्यांना पुरेसे उष्मांक मिळत नाहींत, असें वर्तमानपत्रांत वारंवार येतें. आमच्या घरीं आम्ही चौदा माणसें जेवतों. आमच्या स्वयंपाकघरांत आजवर कोणी डोकावलेलें नाहीं. मग चार घरें पाहून साऱ्या देशाच्या पोटाचा हिशेब हे लोक कसा सांगतात? आणि तो खरा मानावा काय?"

बाईंनीं प्रश्न सहज विचारला असेल. परंतु याच प्रश्नावर आपल्याच प्रांतांतील दोन थोर पंडितांचा मोठा वाद झाला होता, आणि कोट्यवधि माणसें गरीब म्हणावयाचीं कीं नाहीं हें त्या वादाच्या निकालावर अवलंबून होतें. प्रस्तुत लेखकाचें गणित मॅट्रिकपर्यंतचें; पुढचें सारें आयुष्य शब्दरूपें आणि समास यांत गेलें. तथापि सेवानिवृत्तीनंतर सांख्यिकीचीं कांहीं पुस्तकें हौसेनें वाचलीं, आणि त्यांत आपल्या ओळखीचीच एक गोष्ट निराळ्या वेषांत भेटली. तेवढ्या बळावर हें धाडस करीत आहें.

ती ओळखीची गोष्ट म्हणजे स्थालीपुलाकन्याय. स्थाली म्हणजे भाताचें पातेलें आणि पुलाक म्हणजे दाणा. पातेल्यांतील एक शीत बोटानें चेपून पाहावें, तें शिजलें असेल तर सारा भात शिजला असें समजावें, हा तो न्याय. आणि 'शितावरून भाताची परीक्षा' ही आपली म्हण त्याचेंच मराठी रूप. पाठशाळेंत असतांना हा न्याय आम्ही शेंकडों वेळां घोकला. पण तो खरा कां ठरतो, हें कोणी विचारलें नाहीं आणि कोणी सांगितलेंही नाहीं. तो खरा ठरतो याचें कारण, पातेल्यांतील सर्व दाण्यांना एकच पाणी, एकच आंच आणि एकच वेळ मिळालेली असते. दाणे परस्परांसारखे आहेत, म्हणून एकाची साक्ष सर्वांना लागू पडते.

आतां याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. दाणे परस्परांसारखे आहेत म्हणूनच दुसरें शीत चेपून आपणांस नवें कांहींच कळत नाहीं. एका पातेल्यांतील शंभर शितें चेपलीं तरी साक्षीदार शंभर होत नाहींत. साक्षीदार एकच, तें पातेलें. गांवांतल्या भाताविषयीं बोलावयाचें असेल तर शंभर पातेल्यांतून एकेक शीत घेतलें पाहिजे. एका चुलीपाशीं बसून शंभर शितें चेपणारा आणि शंभर घरें हिंडून शंभर शितें चेपणारा, दोघांच्या वहींत आंकडे शंभरच. परंतु पहिल्याचें ज्ञान दुसऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाहीं. सांख्यिकीच्या शास्त्रांत ज्याला गटागटानें आलेलीं निरीक्षणें म्हणतात, त्याचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

शास्त्रकारांनीं या सारखेपणाला आंकडा दिला. रोनाल्ड फिशर नांवाच्या इंग्रज पंडितानें 1925 सालीं शास्त्रीय संशोधकांकरितां जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत एका गटांतील निरीक्षणें परस्परांशीं कितपत बांधलेलीं आहेत हें मोजण्याची रीत दिली आहे. सख्ख्या भावांच्या उंचीचें उदाहरण त्यासाठीं फार सोयीचें पडतें. बंधन मुळींच नसेल तर शून्य, आणि गटांतील सर्व निरीक्षणें तंतोतंत सारखीं असतील तर एक. हा आंकडा लहान दिसला तरी त्याचा मार मोठा असतो. समजा, दहा वर्गांतून प्रत्येकीं तीस अशा तीनशें मुलांची परीक्षा घेतली आणि एका वर्गांतील मुलांचें बंधन अवघें एक दशांश निघालें. प्रत्येक मुलाला वर्गांत एकोणतीस सोबती; एकोणतिसांचा दशांश 2.9, त्यांत एक मिळवला म्हणजे 3.9. तीनशेंला या 3.9 नें भागलें कीं भागाकार सुमारें 77 येतो. म्हणजे कागदावर तीनशें मुलें. पण खरी साक्ष सत्त्याहत्तर मुलांएवढीच! बाकीच्या सव्वादोनशेंचा आपण उगाच अभिमान बाळगीत होतों.

हा हिशेब मला चाळीस वर्षांपूर्वीं ठाऊक असता तर एक अन्याय टळला असता. मी त्या वेळीं ज्या शाळेंत होतों तेथें विभक्तिरूपें शिकविण्याच्या दोन पद्धतींची तुलना करण्याचें ठरलें. एका तुकडींत रूपें म्हणवून घ्यावयाचीं, दुसरींत लिहवून घ्यावयाचीं. प्रत्येक तुकडींत पंचेचाळीस मुलें. वार्षिक परीक्षेंत म्हणणाऱ्यांची सरासरी लिहिणाऱ्यांहून सहा गुणांनीं अधिक आली आणि नव्वद मुलांचा पुरावा हातीं आल्यासारखें वरिष्ठांस वाटलें. वास्तविक पुरावा दोन पातेल्यांचा होता. एका तुकडीचा वर्ग सकाळीं भरे, दुसरीचा दुपारीं जेवणानंतर. एका तुकडींत चार मुलें वैदिक घराण्यांतलीं. आणि मुख्य म्हणजे एका तुकडीस मी होतों व दुसरीस माझे सहकारी. पद्धतीचा गुण कोणता, वेळेचा कोणता आणि मास्तरांचा कोणता, हें त्या आंकड्यांतून ब्रह्मदेवालाही काढतां आलें नसतें. तरी सहकाऱ्यांच्या सेवापुस्तकांत शेरा पडला आणि त्यांची त्या वर्षाची वेतनवाढ राहिली. जिंकलेली तुकडी माझी होती, म्हणून मी गप्प बसलों. हें आज लिहितांनाही बरें वाटत नाहीं.

असो. ज्या दोन पंडितांचा वर उल्लेख केला, त्यांतील पहिले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. जन्म 1911 चा. फर्ग्युसन कॉलेजांतून 1932 सालीं पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि तेथें युनिव्हर्सिटी कॉलेजांत या शास्त्राचे जे महारथी होते त्यांच्या हाताखालीं शिकून आले. 1940 पासून दिल्लीस सरकारच्या शेती संशोधन मंडळांत त्यांनीं काम सुरू केलें. त्या काळीं देशांत धान्य किती पिकलें हें आणेवारीवरून ठरे. गांवच्या कामगारानें बांधावर उभें राहून पिकाकडे पाहावें आणि सोळा आण्यांपैकीं पीक बारा आणे कीं आठ आणे तें सांगावें! सुखात्म्यांच्या रीतीनें चिठ्ठ्या टाकून गांवें निवडावयाचीं, गांवांतून चिठ्ठ्या टाकूनच शेतें, आणि शेतांतही चिठ्ठीनेंच ठराविक मापाचा तुकडा. मग तो तुकडा कापून, मळून, धान्य प्रत्यक्ष तोलावयाचें. येथें आपली पातेल्याची गोष्ट पुन्हां येते. एकाच शेतांतले दोन तुकडे बरेचसे सारखे, एकाच गांवचीं दोन शेतेंही बऱ्यापैकीं सारखीं. पण गांवागांवांत फरक फार. म्हणून पैसा आणि माणसें तेवढींच असतील तर एका गांवांत वीस शेतें कापण्यापेक्षां दहा गांवांत दोन दोन शेतें कापणें शहाणपणाचें ठरतें.

तुकडा केवढा असावा यावरूनही त्यांचा आणि कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा मतभेद झाला. तुकडा फार लहान घेतला तर त्याच्या क्षेत्राच्या मानानें काठ मोठा पडतो. काठावरचीं ताटें आंत धरावयाचीं कीं बाहेर याचा संशय येतो. आणि कापणाऱ्याचा हात तीं आंत ओढतो. मग पीक आहे त्याहून अधिक दिसतें. 1946 सालीं 'नेचर' या विलायती नियतकालिकांत सुखात्म्यांनीं ही गोष्ट दाखवून दिली. आजही पिकाचा अंदाज कापणीप्रयोगांवरून होतो, आणि त्या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं त्या पिढीचे हे श्रम आहेत.

पुढें 1951 पासून सुमारें वीस वर्षें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत, रोम येथें, ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. धान्य किती पिकतें यावरून त्यांचें लक्ष धान्य कोणाच्या पोटांत किती जातें याकडे वळलें. 1970 मध्यें निवृत्त होऊन ते पुण्यास आले. दुसऱ्याच वर्षीं, 1971 सालीं, पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतांतील दारिद्र्यावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. दांडेकरही मूळचे साताऱ्याकडचेच. म्हणजे वाद जुंपला तो एका जिल्ह्याच्या दोन सुपुत्रांत, आणि एकाच शहरांत!

दांडेकर–रथ यांचें म्हणणें असें कीं, माणशीं दररोज 2250 उष्मांक हा पुरेशा अन्नाचा मापदंड धरावा, आणि ज्या खर्चांत तेवढें अन्न सरासरीनें मिळतें त्या खर्चाच्या खालचे ते गरीब. 1960–61 च्या भावानें हा खर्च खेड्यांत माणशीं महिना 15 रुपये आणि शहरांत 22 रुपये 50 पैसे येत होता. त्या मापानें खेड्यांतील सुमारें चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारें पन्नास टक्के लोक रेषेखालीं गेले. हा आंकडा देशभर गाजला.

सुखात्म्यांनीं त्यावर जो आक्षेप घेतला तो समजण्यास पातेल्याच्या दृष्टांतांत थोडी भर घातली पाहिजे. आतांपर्यंत आपण निरनिराळीं पातेलीं पाहिलीं. आतां एकच पातेलें रोज पाहावयाचें आहे. माझेंच उदाहरण घ्या. समजा, माझ्या घरीं सरकारी पाहणी करणारा गृहस्थ नेमका आषाढी एकादशीस आला आणि आज काय जेवलां म्हणून त्यानें विचारलें. वहींत तो काय लिहील? या घरांत धान्याचा दाणा शिजत नाहीं! दुसऱ्या दिवशीं पारण्याला आला असता तर तोच गृहस्थ आम्हांस खादाड म्हणून गेला असता. ('एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीकडे मी येथें मुद्दाम काणाडोळा करतों, साबुदाण्याचे उष्मांक मोजण्याचें कारण नाहीं.) माणूस एकच, प्रकृति एकच, पण एकेका दिवसाचा आंकडा निराळा. तेव्हां हजार माणसांच्या एकेका दिवसाच्या आंकड्यांत जो चढउतार दिसतो, त्यांत दोन निरनिराळे चढउतार मिसळलेले असतात. एक माणसामाणसांतला, आणि दुसरा एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला. प्रत्येकाकडे एकदांच जाऊन आलेल्या पाहणाऱ्याला हे दोन कधींही वेगळे करतां येणार नाहींत. त्यासाठीं त्याच माणसाकडे पुन्हां पुन्हां गेलें पाहिजे.

सुखात्म्यांनीं नेमका येथेंच बोट ठेवलें. 1978 च्या सुमारास त्यांनीं लिहिलेल्या लेखांतून असें मांडलें कीं, 2250 हा आंकडा सरासरी गरजेचा आहे, आणि सरासरी म्हटली कीं निरोगी माणसांतही सुमारें निम्मीं तिच्या खालीं असावयाचींच. सरासरीलाच उपासमारीची रेषा मानलें तर सुखवस्तु समाजांतलेही अर्धे लोक उपाशी ठरतील! त्यांनीं ब्रिटिश सैन्यांत नव्यानें भरती झालेल्या शिपायांच्या दैनंदिन आहाराच्या नोंदी तपासल्या. त्यांत एकच शिपाई आज पुष्कळ खाई, उद्यां कमी. आणि आजचें खाणें व आजचे श्रम यांचा मेळ बसे असेंही नाहीं. तरीही वजन आणि काम जागच्या जागीं राही. यापुढें त्यांनीं आणखी एक बारीक गोष्ट दाखविली. रोजचे आंकडे परस्परांपासून स्वतंत्र असते, तर आठवड्याची सरासरी घेतांच चढउतार बराच निवला असता. सात दिवसांच्या सरासरीला तो सातच्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें 2.65 नें, घटावयाचा. रोजचा चढउतार 400 उष्मांकांचा असेल तर आठवड्याचा 150 च्या आसपास यावा. पण त्यांच्या हिशेबांत तो इतका घटेना. आजच्या आंकड्यावर कालच्या आंकड्याची सावली पडत होती. यावरून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, शरीर हें स्वतःच आपला जमाखर्च सांभाळीत असतें. अन्न थोडें कमी मिळालें तर तें काटकसरीनें वापरतें. आणि म्हणून उपासमारीची रेषा सरासरीवर नव्हे, तर सरासरींतून या चढउताराचीं दोन मापें वजा करून जी येईल तेथें काढावी. निरोगी माणसांपैकीं शंभरांत दोनतीनच त्या रेषेच्या खालीं पडतात.

आपल्या जुन्या वैद्यकाशीं परिचय असणाऱ्यांस हें ऐकून नवल वाटणार नाहीं. चरकसंहितेंतही आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीच्या बळावर अवलंबून सांगितली आहे. सर्वांना एकच माप तेथें नाहीं. परंतु ग्रंथांतल्या सिद्धांतानें पोट भरत नाहीं, आणि येथें तर रेषा खालीं आली कीं कोट्यवधि माणसें एका लेखणीच्या फटकाऱ्यानें उपाशी या सदरांतून बाहेर पडत होतीं. दांडेकर स्वस्थ बसणें शक्यच नव्हतें. दारिद्र्य कसें मोजावें या विषयावरील त्यांचा लेख 1981 सालीं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्यें आला, आणि पुढें बराच काळ दोन्ही बाजूंनीं शाई सांडत राहिली. पोषणशास्त्रज्ञांतही या प्रश्नावर तट पडले, डॉ. गोपालन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषानें तर, कमी अन्नावर जुळवून घेणारें शरीर निरोगीच समजण्याच्या या विचारसरणीला कडक विरोध केला.

दांडेकरांच्या बाजूचें बळ मला असें दिसतें. आमची रेषा एका माणसाच्या एका दिवसाच्या आंकड्यावर काढलेलीच नाहीं, ती एका खर्चाच्या वर्गांतील असंख्य घरांच्या सरासरीवर काढलेली आहे. आज एकानें कमी खाल्लें, दुसऱ्यानें जास्त. तें इतक्या घरांत आपोआप फिटून जातें. जें फिटत नाहीं आणि वर्गाच्या सरासरींत उरतें, तें शरीराचें लहरीपण नव्हे, ती खिशाची तंगी आहे. एकादशीचा उपास एका घराचा आंकडा बिघडवील. पण ज्या वर्गाची सरासरीच बारा महिने खालीं आहे, त्या वर्गानें रोज एकादशी धरली आहे असें थोडेंच म्हणतां येईल?

या दोन थोर पुरुषांमध्यें पंच होण्याची माझी पात्रता नाहीं. तरी बाईंनीं विचारलें आहे म्हणून मला जें वाटतें तें सांगतों. माणसाचा स्वतःचा चढउतार आणि माणसामाणसांतला भेद हे दोन निराळे पदार्थ आहेत, ते एका पोत्यांत भरूं नयेत, हें सुखात्म्यांचें म्हणणें शंभर टक्के खरें. तें सांगण्यास त्यांच्याएवढा अधिकारी दुसरा नव्हता. परंतु शिपायांच्या नोंदींवरून मजुराकडे उडी मारतांना एक पायरी निसटली असें मला वाटतें. शिपायापुढें भरलें ताट होतें. तो कमी खाई तें आपल्या इच्छेनें, आणि त्याचा चढउतार त्याच्या स्वतःच्या पुरेशा सरासरीभोंवतीं फिरत होता. मजुराचा आंकडा खालीं फिरतो कीं खालीं अडकून बसतो, हाच तर प्रश्न आहे. भरल्या ताटावरून हात आंखडणारा आणि रिकाम्या ताटापुढें हात आंखडणारा, दोघांच्या पोटांत त्या दिवशीं गेलेले उष्मांक अगदीं सारखे असूं शकतात. एका दिवसाच्या काय, एका आठवड्याच्या आंकड्यांतही त्यांचा भेद दिसणार नाहीं. तो दिसावयाचा तर त्याच घरीं सुगीला जा, पुन्हां भाद्रपदांत जा, पुढच्या वर्षीं पुन्हां जा. पहिल्याचा आंकडा वर येईल. दुसऱ्याचा सुगींत थोडा उचलेल आणि पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसेल. शिवाय भाद्रपदांत त्याच्या एकट्याचा नव्हे, त्याच्या साऱ्या वस्तीचा आंकडा एकदमच उतरेल, कारण कामच नसतें. म्हणजे येथें दिवस दिवसाशीं बांधलेला आणि घर घराशीं बांधलेलें. अशा दुहेरी गांठी सोडविण्याचीं साधनें आतां या शास्त्रापाशीं पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक आहेत. मात्र त्यांना चारा लागतो तो त्याच घरांच्या पुनःपुन्हां घेतलेल्या नोंदींचा, आणि तो गोळा करणें खर्चाचें व कंटाळवाणें काम आहे.

सरकारनें 1979 सालच्या एका समितीच्या सल्ल्यावरून खेड्यांत 2400 आणि शहरांत 2100 उष्मांकांचा आधार घेतला. पुढें 2009 मध्यें सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें दारिद्र्यरेषा उष्मांकांच्या खुंटीवरून सोडवून घेतली. त्या इतिहासांत आज शिरत नाहीं. बाईंच्या पत्रांतील एका वाक्यावर मात्र माझें मन अडकून राहिलें आहे. 'आमच्या घरीं आम्ही चौदा माणसें जेवतों.' पाहणी करणारे कोठीचा हिशेब घेतात. महिन्यांत तांदूळ किती, गहूं किती, डाळ, तेल, गूळ किती. आणि त्याला माणसांनीं भागतात. घर हें त्यांचें पातेलें. आंतलीं सारीं शितें सारखीं शिजलेलीं आहेत असें ते धरून चालतात. दुसरा मार्गच त्यांना नसतो.

माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांत अठरा पानें होत. आजी माणशीं मूठ धरून तांदूळ काढी, आणि तिचा अंदाज कधीं चुकत नसे. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी आम्हां मुलांची, तिसरी बायकांची. आणि बायकांतही सर्वांत शेवटीं थोरली वहिनी, कारण वाढणें तिच्याकडे. पाहुणा कधीं सांगून येत नसे. आला म्हणजे अठरांचा भात एकोणीस-वीस माणसें जेवत, आणि तरी कोणाला कांहीं कमी पडल्याचें ऐकिवांत नव्हतें. मी वाढण्यांत तिच्या हाताशीं असें, म्हणून मला ठाऊक आहे कीं तिच्या पानांत पुष्कळदां पातेल्याची खरवड आणि ताकच असे. तिचा रंग उतरला, जिना चढतांना ती मध्येंच बसूं लागली, तेव्हां वैद्यबुवांनीं जेवणाविषयीं विचारलें. आजोबा म्हणाले, "आमच्या घरांत अन्नाला तोटा नाहीं." तें अक्षरशः खरें होतें. कोठीचा हिशेब काढून अठरांनीं भागला असता तर आमचें घर कोणत्याही रेषेच्या वरच राहिलें असतें. वहिनी तिसऱ्या बाळंतपणांत गेली.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट असती तर मी ती काढली नसती. 2019 ते 2021 मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं 57 टक्के रक्ताच्या अशक्तपणानें ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण 25 टक्के. स्त्रीशरीराचीं कारणें त्यांत आहेत, सारा दोष पंगतीच्या क्रमाला देतां येणार नाहीं. पण ती पाहणी कोठीपाशीं थांबली नाहीं, तिनें एकेका माणसाच्या बोटांतला थेंब तपासला, म्हणून हा भेद दिसला. घराच्या सरासरींत तो कधींच दिसला नसता.

तेव्हां बाईंना माझें उत्तर असें कीं, चार घरें पाहून देशाचें पोट सांगतां येतें. मात्र तीं चार घरें चार ठिकाणचीं असावींत, चिठ्ठीनें निवडलेलीं असावींत, आणि त्यांच्याकडे एकदां जाऊन भागत नाहीं. आणि देशाचें पोट कळलें म्हणजे घरांतल्या चौदाव्या माणसाचें कळलें असें नव्हे. तें बाईंनाच पाहावें लागेल.

हें सर्व वाचल्यापासून मला एक वेड लागलें आहे. गेले आठ आठवडे मी रोज काय व किती खातों तें वहींत टिपून ठेवतों. पोळ्या मोजतों, भाताची वाटी ठराविक ठेवतों, चहाचे कप लिहितों. आठ आठवड्यांत सर्वांत कमी दिवसाचा आंकडा सर्वांत अधिक दिवसाच्या निम्म्याहूनही कमी भरला, आणि वजन मात्र हललें नाहीं. सुखात्म्यांचा तो शिपाई मीच कीं काय असें क्षणभर वाटून गेलें. रविवारीं सायंकाळीं हे आंकडे मी मोठ्या अभिमानानें घरांत वाचून दाखविले. सर्वांनीं कौतुक केलें. सूनबाई पोळ्या लाटतां लाटतां म्हणाली, "मामंजी, हीं सारीं पानें तुमचींच. एखादें माझें घालाल का?"

दुसऱ्या दिवशीं नवी वही आणली. आतां घरांतल्या प्रत्येकाचें एक पान आहे, वही स्वयंपाकघरांतल्या खुंटीला टांगली आहे, आणि तिचें पान तीच लिहिते. आज तिच्या पानावर चार दिवसांचे आंकडे झाले. चार दिवसांवरून मी अजून कांहीं बोलत नाहीं. पण कालपासून रात्रीं आम्ही सगळे एकाच पंगतीला बसूं लागलों आहों.